गिलटाचे बिल्ले

आत्याबाई, तुमच्या लेकाचे, माझ्या मालकांचे, बिल्ले परवा मी घराबाहेर जाऊ दिले. ते कुणाला द्यायचे नाहीत असं तुम्ही बजावलं होतं आणि इतकी वर्षं मी ते पाळलं. पुतण्या चिडून बसला आहे, गल्लीतल्या बायका कुजबुजतात, त्याचं मला काही नाही. तुम्हाला मात्र सांगायला पाहिजे. तुम्ही गेलात तेव्हा गावात वीज नव्हती. आता मुधोळची बस आपल्या कडुलिंबापर्यंत येते, आणि ज्यांच्यापाशी तुमची आठवण काढावी अशी माणसं बोटावर मोजण्याइतकी राहिली. म्हणून कागद घेऊन बसले.

मी तुमच्या घरात आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. त्यांचं पत्र पलटणीतून आलं की डाकवाला ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा, तुम्ही खांबाला टेकून ऐकायच्या, मी दाराआडून. त्यांची पत्रं सगळी सारखीच असायची. मी खुशाल आहे, इकडे थंडी फार आहे, मायच्या गुडघ्याला तेल लावत जा, लाल गायीला काय झालं. डाकवाला गेला की तुम्ही पत्र मला द्यायच्या आणि मी ते चुलीपाशी नेऊन पाहत बसायची. ऐकलेलं सगळं पाठ असायचं. बोट फिरवत गेले की ‘थंडी’ कुठे आहे आणि ‘लाल गाय’ कुठे आहे ते हळूहळू कळायला लागलं. असंच शिकले मी. मग किराण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून वाचायची. एकदा तव्यावरची भाकर काळी झाली तेव्हा तुम्ही मागून आलात. “भाकर करपून कोळसा झाली, न् ही बाई कागद चाटून राह्यली! पोट भरते का त्या कागदानं?” मी घाबरून पुडी चुलीत टाकली. आणि पुढचं पत्र आलं तेव्हा तुम्हीच डाकवाल्याला ओट्यावरून परत पाठवलंत. “दे इकडं. माही सून वाचते.” ते बोलणं तुम्ही विसरून गेला असाल. मी विसरले नाही.

नोकरी पुरी करून ते घरी आले ते काळी ट्रंक घेऊन. ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं त्यांचा नंबर लिहिलेला होता. आत लांब लोकरी कोट, बूट, राखाडी घोंगडी, डबा, चहाचा मग, पाण्याची बाटली आणि तळाशी तंबाखूच्या डबीत रुमालात गुंडाळलेले तीन बिल्ले. दोन गोल, पांढरे. एक चांदणीसारखा, पितळी दिसायचा. ते त्यांना मेडल म्हणायचे, आपल्या घरात सगळे बिल्लेच म्हणत. त्यांनी डबी एकदा उघडून तुम्हाला दाखवली, तुम्ही ती कपाळाला लावलीत, आणि त्यांनी ती पुन्हा ट्रंकेत टाकली. दुसऱ्या दिवशी ते बनियन घालून कडबा तोडायला गेले. लढाई पाहून आलेला माणूस, पण विचारलं की कापसाकडे बोट करून म्हणायचे, “पराटी निंदाची राह्यली, त्याचं बोल.” तीन वर्षं असे आपल्यात राहिले; आपली पोरगीही त्यातच झाली. मग कावीळ झाली, पोटात उतरली. निर्मलच्या दवाखान्यातून त्यांना बैलगाडीत आणलं तेव्हा शेतात बोंडं फुटलेली होती आणि वेचायला माणूस मिळत नव्हता.

गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवायचे नाहीत, हा आपला रिवाज. तेराव्याला तुम्ही ट्रंक अंगणात आणवलीत आणि एकेक वस्तू हातानं दिलीत. बूट गुराख्याला. घोंगडी शेजारच्या बाळंतिणीला. कोट ज्वारीच्या राखणदाराला. डबा आणि चहाचा मग तेवढे माघारी ठेवलेत, वस्तू कामाची आहे म्हणून. डब्यात मीठ ठेवलं आणि मगात तुम्ही स्वतः चहा प्यायला लागलात. मला वाटलं होतं की वस्तू गेल्या म्हणजे त्या डोळ्यांसमोरून जातील. तसं गावात होत नाही. थंडीत पहाटे शेण टाकायला निघाले की शेताच्या धुऱ्यावरून तो कोट चालत जाताना दिसायचा. खांदे तेच, कॉलर तशीच वर केलेली. मी मान खाली घालून शेणाकडे पाहायची. तुम्ही मात्र एका सकाळी खळ्याजवळ उभ्या राहिलात आणि त्या कोटाला तुमच्या लेकाच्या लहानपणच्या नावानं हाक मारलीत. राखणदार वळला. “आजी, मी हाओ,” एवढंच म्हणाला बिचारा. दुसऱ्या दिवशी कोटाची घडी घालून तो आपल्या अंगणात आला. “ठिवून घ्या आजी. मी नाई घालत आता.” तुम्ही सुपातली ज्वारी पाखडत होत्या, पाखडतच राहिलात. “घाल रे. थंडी का कमी झाली? न् मले काई झालं नाई. उन्हं डोळ्यावर होती.” त्या सकाळी उन्हं अजून निघालीसुद्धा नव्हती.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा चांदीच्या टाकाचा विषय निघाला. तुमची एकच इच्छा होती की दसऱ्याच्या आत लेकाचा टाक करावा आणि त्याला बापाशेजारी, आज्याशेजारी देवघरात बसवावं. तुम्ही म्हणायच्या, तो अजून बाहेर उभा आहे, पावसात. रात्री उठून बसायच्या. तुमचा मोठा लेक, माझे भासरे, एक दिवस जेवता जेवता म्हणाले, “चांदी इकत काऊन घ्याची? त्याचीच चांदी ट्रंकेत पडून हाये. बिल्ले वितळवू, त्याच्याच कमाईचा टाक होईन.” त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तुमचा चेहरा तर उजळला. लेकानं जीवावर उदार होऊन मिळवलेली चांदी, आणि त्याच चांदीत लेक देवात बसणार. यापेक्षा चांगलं काय?

मला ते पटेना. भासऱ्याशी सुनेनं तोंडानं बोलायचं नाही, त्यांच्या पुढ्यात यायचं नाही. बोलायचंच झालं तर तुमच्या तोंडून. मी दाराआडून म्हणाले, “आत्याबाई, त्यायले सांगा, बिल्ले मी देत नाई.” ते तिथंच, चार हातांवर बसलेले. ते म्हणाले, “माय, तिले इचार, काऊन?” मी म्हणाले, “आत्याबाई, सांगा, टाक दुसऱ्या चांदीचा करा.” ते म्हणाले, “माय, तिले म्हण, घराण्याची वस्तू हाये, एकटीची नाई. तिले एक पोरगी हाये, लेक तं नाई, कोणासाठी ठिवते?” तुम्ही ताट ढकललंत. “मी का तुमची डाकवाली हाओ? दोघंई बहिरे हाये का? जेवू द्या मले!” आणि मग माझ्याकडे तोंड करून म्हणालात, “तो देवात बसून राह्यला, न् तू आडवी येतं?” माझं कारण असं चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. देवघरातले टाक मी दर दसऱ्याला चिंचेनं घासत होते. तुमचे मालक कोणते, त्यांचे वडील कोणते, मला सांगता यायचं नाही. सगळ्यांचं नाक एक, मिशा एक. सोनाराजवळ पुरुषाचा ठसाच एक असतो. मला माझा माणूस त्या रांगेत हरवायचा नव्हता. आणि बिल्ल्यांच्या कडेला बारीक अक्षरात काय कोरलं आहे ते मी एकदा उन्हात धरून पाहिलं होतं.

मुधोळच्या बाजाराच्या दिवशी आपण गेलो. भासरे पुढे, मधे तुम्ही, मागे मी डोक्यावर पदर घेऊन. डबी तुम्ही ट्रंकेतून काढून दिलेली, भासऱ्यांच्या खिशात. मी येऊ नये असं त्यांना वाटत होतं. मी नुसती चालत राहिले. सोनाराच्या ओसरीवर तुम्ही ऐसपैस बसलात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलात, “लेकाचा टाक करून राह्यलो. लढाईची चांदी हाये.” सोनारानं एक गोल बिल्ला घेतला, दगडावर टाकून वाजवला. आवाज त्याला आवडला नाही. “कानस लावून पाह्यतो,” म्हणाला. भासऱ्यांनी बिल्ला घेतला आणि कड वर करून त्याच्यापुढे धरला. तिथंच, बरोबर कडेवर.

मी त्यांचं मनगट धरलं. भासऱ्याचं मनगट, भर बाजारात. “कडेले नका लावू देऊ, दादा.”

तुमचाच आवाज पहिल्यांदा आला. “हात सोड! लाज हाये का नाई तुले? भासऱ्याच्या अंगाले हात लावतं?” मी हात सोडला, पण बिल्ला माझ्या हातात आला होता. मी म्हणाले, “कडेले त्यायचं नाव हाये, आत्याबाई. घासलं तं जाईन.” तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. “कोणाचं नाव?” “त्यायचं. नंबर हाये, मंग नाव हाये.” अक्षरं इंग्रजी होती. पण तो नंबर मी त्यांना जाणाऱ्या पाकिटांवर इतकी वर्षं काढला होता, आकडान् आकडा मला पाठ होता, आणि त्यापुढे येणारी त्यांच्या नावाची अक्षरंही मी डाकवाल्याकडून गिरवून घेतली होती. तुम्ही म्हणालात, “वाच.” मी वाचलं. तुम्ही म्हणालात, “पुन्हा वाच.” पुन्हा वाचलं. सोनार कानस हातात धरून बसून होता. त्याचं गिऱ्हाईक, एक तेलंगी बाई, काही न कळून माझ्या बोटाकडे पाहत होती.

मग सोनारानं चांदणीच्या बिल्ल्याकडे पाहिलंच नाही. दुसरा गोल बिल्ला घेऊन त्याच्या सपाट बाजूवर, एका टोकाला, अगदी थोडं खरवडलं आणि तेजाबाचा थेंब टाकला. पाहिलं. पुसलं. “आजी, चांदी नाई हे. गिलट हाये.”

मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. आता वितळवायचा प्रश्नच नव्हता. पण मी तुमच्याकडे पाहिलं. ज्या ओसरीवर तुम्ही इतका वेळ लढाईची चांदी सांगत होत्या त्याच ओसरीवर तुमची मान खाली गेली होती. “सरकारनं माह्या पोराले खोटं देल्लं?” तुम्ही सोनाराला विचारलंत, लहान पोरीनं विचारावं तसं. तो म्हणाला, “समद्यायले असेच देतात आजी. त्याचा मान असते, मोल नसते.” भासऱ्यांनी तिन्ही बिल्ले गोळा करून डबी बंद केली. त्यांचाही चेहरा उतरला होता, भाऊ त्यांचाच होता. “चाल माय,” म्हणाले. “पुढच्या वर्षी पाहू.” पण तुम्ही उठत नव्हत्या. तुमचा लेक अजून पावसात उभा होता.

मी पदराची गाठ सोडली. त्यात माझी जोडवी होती, आणि लग्नातली पैंजणं. त्यांना नेलं त्या दिवशी बायकांनी माझ्या पायातून काढली ती. घरून निघतानाच मी बांधून आणली होती, जोर चालला नाही तर बिल्ल्यांच्या बदल्यात देईन म्हणून. आता बदल्यात मागायला काही उरलं नव्हतं, तरी मी ती सोनारापुढे ठेवली. “याचा करा.” भासरे एकदम, थेट माझ्याकडे पाहून म्हणाले, “पायातली चांदी देवात? असं कोणी करते का? बाटते ते!” त्यांचं चुकलं नव्हतं. पायातलं देवाला लावत नाहीत, मलाही तेच शिकवलेलं. सोनारानं हात मागे घेतला. सगळे तुमच्याकडे पाहायला लागले.

तुम्ही एक जोडवं उचललंत, अंगठ्यानं पुसलंत. झिजून आतून गुळगुळीत झालेलं होतं. “हे तिनं कोणाच्या नावानं घातले होते?” तुम्ही मोठ्या लेकाला विचारलंत. “तुह्या भावाच्याच ना? मंग हे चांदी त्याचीच हाये. पायातली असो का गळ्यातली.” आणि सोनाराला म्हणालात, “कर रे. पाप लागलं तं मले लागीन, मी म्हातारी हाओ, किती दिवस लागीन?” सोनार हसला. त्यानं विचारलं, उभा करू की घोड्यावर? तुम्ही लगेच म्हणालात, “घोड्यावर. फौजेत होता.” भासरे म्हणाले, “माय, तो पायदळात होता. घोडा नोता त्याले.” “चाल! मायले शिकवतं. आज्याले हाये घोडा, बापाले हाये, न् लढाईवर गेला त्याले नाई? घोड्यावर बसव रे तू.”

तुमचा लेक घोड्यावर बसला. दसऱ्याला तुम्ही स्वतः त्याला हळद-कुंकू लावलंत आणि त्या रात्री गाढ झोपलात. त्या दिवशी बाजारातून परत येताना वाटेत भासरे पुढे चालत होते. मागे न वळता म्हणाले, “माय, तिले सांग, डबी सांभाळून ठेव म्हणा.” तुम्ही मला काही सांगितलं नाही, मी ऐकलंच होतं. घरी आल्यावर तुम्ही ती डबी माझ्या हातात दिलीत. “ठेव. कोणाले देऊ नको. त्याचं नाव हाये त्याच्यावर.” त्यानंतर त्या पायातल्या चांदीबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. तुमचे पाय चेपताना एकदोनदा मनात आलं होतं की म्हणावं, तुम्ही त्या दिवशी माझी बाजू घेतलीत. मग वाटायचं, तुम्ही माझी कुठे घेतलीत, लेकाची घेतलीत. आता या वयात वाटतं, दोन्ही एकच होतं.

तुमच्या मागे पुष्कळांनी डबी मागितली. शाळेचे मास्तर म्हणाले, काचेत लावून भिंतीवर टांगू. मी शाळेची भिंत पाहून आले. पावसाळ्यात तिला ओल येते. नाही म्हणाले. भांडीवाली म्हणाली, पितळी चांदणीच्या बदल्यात एक पातेलं देते. तिला पाणी पाजून वाटेला लावलं. पुतण्या सरपंचाला उभा राहिला तेव्हा म्हणाला, “काकू, सभेपुरते दे. फौजीचं घर हाये म्हणून सांगतो.” मी म्हणाले, घर फौजीचं आहे, तू फौजी नाहीस. तो पडला आणि त्याचं खापर माझ्यावर आलं. येऊ दे. दरवर्षी दसऱ्याला मी डबी उघडते, बिल्ले कोरड्या फडक्यानं पुसते, फितीचे रंग विटत चालले आहेत ते पाहते, बंद करते. एवढंच.

तुमची नात, माझी लेक, नेरडीगोंड्याच्या शाळेत शिकवते. तेलुगूत शिकवते, घरी आली की मुलांचे तेलुगू बोल सांगून हसवते. परवा आली आणि म्हणाली, “आई, पंधरा ऑगस्टले शाळेत फौजी लोकायचा मान करून राह्यले. मी बाबाचे मेडल लावून उभी राहू का?” पुतण्या ओसरीवर होता. “बाईमाणसानं बिल्ले लावाचे? न् ते घराण्याचे हाये, तू दुसऱ्या घरची.” तेव्हा मला तुम्ही आठवलात, ओसरीवर जोडवं पुसत बसलेल्या. मी त्याला म्हणाले, “बापाचं नाव हाये त्याच्यावर. शाळेच्या दाखल्यावर तिच्याई नावात तेच नाव हाये. तुह्या नावात नाई.” तो उठून गेला. मी डबी तिच्या ओटीत घातली. उसनी म्हणून नाही, कायमची. माझ्यामागे ती ट्रंकेत पडली असती तर कुणीतरी भांडीवालीला देऊन टाकली असती. तिच्याकडे ती छातीला लागेल. तुमचा शब्द मी मोडला असं तुम्हाला वाटलं तर वाटू द्या. मी पुन्हा तेच करीन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुम्हाला पत्र पाठवून काय उपयोग, वाचून दाखवावं लागायचं, आणि मोठ्यानं वाचायला घरात आता शेजारीपाजारी ऐकणारे फार. पण एक गोष्ट आहे ती तुम्हालाच सांगते. निघताना लेकीनं डबी उघडून विचारलं, “आई, बाबा कोणत्या बाजूले लावत होते? डाव्या का उजव्या?” मी जराही न थांबता म्हणाले, “डाव्या.” तिनं मान हलवली आणि बसला गेली. आत्याबाई, मला माहीत नाही. मी त्यांना ते लावलेलं एकदाही पाहिलं नाही.